धूरवाले आणि अध्यक्षबाई

"अहो बाजूला व्हा, चाकाखाली याल!"

हॉर्न आणि हाक दोन्ही एकदमच आले. ती कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी मातीत फतकल मारून बसली होती आणि उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चाकावर रबरी पट्टा चढवत होती. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. केसांची एक बट सारखी नाकावर येत होती. हाताने सारावी तर नाकही काळं होणार, म्हणून ती फुंकरीने उडवत होती.

"मी आधीपासून इथे आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचा ट्रक आत्ता आला."

ट्रकमधून एक तरुण उतरला. ट्रकवर ताडपत्रीखाली भलामोठा जनरेटर बांधलेला होता.

"प्राचार्यांनी मागवलाय. कुठे उतरवू?"

"जिथून आणलात तिथेच."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. पण तो हसला. आधी डोळे हसले, ओठ मागून आले. तिला हे अजिबात आवडलं नाही... म्हणजे, आवडलं नाही असं तिने ठरवलं.

झालं होतं असं. कॉलेजचा पर्यावरण सप्ताह चालू होता आणि ती पर्यावरण मंडळाची अध्यक्ष होती. ओढ्याची सफाई झाली, जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीचा मेळावा झाला, शेजारच्या गल्लीत घरोघरी रोपं वाटून झाली. शनिवारी संध्याकाळी मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होता, आणि तो सायकलींवर चालणार होता. मुलं पॅडल मारणार, चाकं डायनॅमो फिरवणार, वीज बॅटरीत आणि बॅटरीतून माईकला, दिव्यांना. प्राचार्य सरांनी परवानगी दिली, पण डोकं खाजवत एक अटही घातली: "आपला जनरेटर तयार राहू दे. फजिती नको."

"तो चालू झाला तर आमचा सप्ताह पाण्यात गेला," ती त्या तरुणाला म्हणाली. "कळलं का, धूरवाले?"

"धूरवाले?"

तिने काळ्या बोटाने कुंपणाच्या भिंतीपलीकडे दाखवलं. "ती खिडकी बघा. ते आमचं स्वयंपाकघर. कॉलेजचा कुठलाही समारंभ असो, जनरेटर याच भिंतीला लागायचा. मावशी खिडक्या लावून घ्यायची, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायची, तरी भाताला डिझेलचा वास. रात्रभर खोकायची. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, कॉलेज म्हणजे धूर."

तो खिडकीकडे बराच वेळ बघत राहिला. मग ट्रकमध्ये चढला, ट्रक मागे घेतला आणि मैदानाला पूर्ण वळसा घालून जनरेटर पार पलीकडच्या टोकाला, मोकळ्या माळाच्या बाजूला उतरवला. केबल ओढायला त्याला चौपट मेहनत पडली.

ती फुंकर मारायची विसरली. बट नाकावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. "मशीन बघायला आलो," म्हणाला आणि मशीनकडे न जाता सरळ सायकलींकडे आला. तिसऱ्या दिवशीही मशीनच बघायचं होतं.

"तुमचं मशीन फार आजारी दिसतंय," ती म्हणाली.

"हो ना, अध्यक्षबाई. काळजी वाटते."

त्याने वीजतंत्रीचं शिक्षण घेतलं होतं, वडिलांचा मंडपाचा आणि जनरेटरचा धंदा तोच बघायचा. ती भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. हिशोब तिचा, जोडणी त्याची. पहिल्या चाचणीला दिवे डोळे मिचकावल्यासारखे लुकलुकले. पट्टे घसरत होते. तिने चाकांचं गणित नव्याने मांडलं, त्याने पट्टे ताणायला लोखंडी कड्या बसवल्या. दोघांची डोकी एकाच चाकावर वाकली आणि टक्कर झाली.

"आई गं!"

"लागलं?"

"लागलं तर काय करणार आहात?"

"पुन्हा एकदा आपटू. नाहीतर भांडण होतं म्हणतात."

तिने हळूच, अगदी हलकेच, डोकं पुन्हा टेकवलं. क्षणभरच. तेवढ्यात दिवा लागला! खरोखरचा, लखलखीत, न लुकलुकता. ती सायकल चालवणारी तिची मैत्रीण वरून ओरडली, "अगं, लागला, लागला!" आणि ही ओरडली, "बघ! तू बघितलंस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांच्याही लक्षात आलं. कोणीच दुरुस्त केलं नाही.

शुक्रवारी मात्र तो आला तो पडल्या चेहऱ्याने.

"बाबांना कळलं," तो म्हणाला. "म्हणाले, ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायला निघालास. उद्या सगळी कॉलेजं सायकली मारायला लागली की आपण काय, पंखे पुसत बसायचं?"

तिच्या हातातला पाना थांबला. "खरं आहे त्यांचं."

"तू त्यांची बाजू घेतेस?"

"माझ्यासाठी तू घरात वाईट होऊ नकोस. उरलेलं आम्ही करू. तू... नको येऊस."

"नको येऊ?"

"नको." हे बोलताना ती पट्टा ताणत होती, तो आधीच ताणलेला होता.

"उद्या मला यावंच लागेल," तो म्हणाला. "मशीनची किल्ली माझ्याकडे आहे."

शनिवारी सूर्य कलला आणि मैदान भरायला लागलं. कॉलेजची मुलं नेहमीचीच, पण मागच्या फाटकातून आज गल्लीही आली. इस्त्रीवाले काका आले, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आल्या, घरच्या खुर्च्या उचलून माणसं आली. गल्लीतून या कॉलेजात शिकायला आलेली ती पहिली मुलगी. तिचा कार्यक्रम म्हणजे घरचंच कार्य.

तिची मावशी ठेवणीतली साडी नेसून आली होती. गल्लीतल्या बायकांच्या गाण्याच्या गटाची ती म्होरकी. फाटकात तिला एक धिप्पाड गृहस्थ दिसले, हात मागे बांधून जनरेटरकडे निघालेले.

"तुम्हीच का जनरेटरवाले?"

"हो. का?"

"इतकी वर्षं आम्ही तुमचा धूर गिळला. आज तुम्ही आमचं गाणं ऐका." आणि त्यांना काही सुचायच्या आत तिने त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. ते बसले. मावशीपुढे भलेभले बसत.

कार्यक्रम रंगला. व्यायामशाळेतली मुलं पॅडल मारत होती, चाकांचा सूं-सूं आवाज मैदानभर पसरला होता, आणि सायकलींच्या रांगेतून फिरताना तिला छातीत काहीतरी फुलून आल्यासारखं वाटत होतं. मग बायकांचा गट मंचावर आला. मावशीने सूर लावला.

आणि दिवे पिवळे पडायला लागले.

मुलं दमली होती. बदली यायला हवी होती, ती पोरं गर्दीत कुठेतरी अडकलेली. माईक खरखरला. मावशीचा आवाज विरत गेला. प्राचार्य सर उठले आणि त्यांनी पलीकडच्या टोकाला हात केला: चालू करा.

ती धावत सुटली. तो जनरेटरपाशी उभा होता, किल्ली मुठीत.

"मी लावत नाहीये," तो म्हणाला. "तू सांगेपर्यंत नाही. सर ओरडू देत."

तिने मागे वळून पाहिलं. मंचावर अंधुक पिवळ्या उजेडात मावशी आणि तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मंचावर चढलेल्या बाया.

"लाव," ती म्हणाली. "माझं हसू झालं तरी चालेल. त्यांचं होऊ नये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. किल्ली आत घातली...

"थांब!" ती ओरडली.

पहिल्या रांगेतून एक धिप्पाड माणूस उठला होता. त्याने चपला काढून खुर्चीखाली सारल्या, बाह्या वर केल्या, एका दमलेल्या मुलाला खांद्याला धरून उतरवलं आणि सायकलवर चढला.

"बाबा?" तिच्या शेजारी त्याचा आवाज फुटला.

गाणं थांबलं नव्हतं. माईक मेला तरी मावशी उघड्या गळ्याने गात होती, आणि जनरेटरवाले तिच्या तालावर पॅडल हाणत होते. त्यांच्यामागे इस्त्रीवाले काका उठले. शिवणवाल्या बहिणी पदर खोचून आल्या. "सरक रे, आमची पाळी!" गल्लीच्या गल्ली सायकलींवर तुटून पडली. अध्यापकही आले. शेवटी प्राचार्य सरांनी टाय सैल केला.

दिवा पांढरा झाला, मग झगझगीत. मावशीचा आवाज भोंग्यातून कुंपणापलीकडे, घराघरांच्या छपरांवरून गेला.

त्याने किल्ली काढून खिशात टाकली. ती रडत होती आणि तिला ते पुसायचं नव्हतं.

"ते माझे बाबा आहेत," तो म्हणाला, इतक्या अभिमानाने की जणू तिला माहीतच नव्हतं.

"आणि ती माझी मावशी," ती म्हणाली.

कार्यक्रम संपला तेव्हा जनरेटरवाले खुर्चीत घामाघूम बसले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला आणि तिला जवळ बोलावलं.

"पोरी, अशा सायकली आणखी बनतील?"

"बनतील ना. का?"

"का म्हणजे? भाड्याने देऊ. शाळा घेतील, सभागृहं घेतील. पट्टे मात्र चांगले टाक, तिसरी सायकल कुरकुरते." मग मुलाकडे न बघता म्हणाले, "हा कामाला येईल तुझ्या. हात चांगला आहे त्याचा."

मुलगा मान खाली घालून केबल गुंडाळू लागला. कान मात्र लाल झाले होते. ती त्याच्यापाशी जाऊन केबलचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

"मी तुला नको येऊस म्हटलं होतं," ती म्हणाली.

"ऐकलं होतं."

"ते मी परत घेते."

"सगळं?"

"सगळं. रोज ये. मशीन आजारी नसलं तरी..."

केबल गुंडाळत गुंडाळत दोघं जवळ आले. मध्ये हातभर अंतर उरलं, मग तेही नाही. त्याने तिच्या नाकावरचा काळा डाग अंगठ्याने पुसला. डाग आणखीच पसरला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हे सांगायला मी पाच दिवस मशीन बघतोय."

ती काही बोलणार तोच मागून हाक आली. मावशी, तिच्या मैत्रिणी, काका, बहिणी, अख्खी गल्ली घरी निघाली होती आणि मध्येच थांबली होती.

"काय गं," मावशीने भुवई उंचावली, "हा कोण?"

उत्तरं पुष्कळ होती. वायरिंग करणारा. जनरेटरवाल्यांचा मुलगा. मंडळाला मदत करणारा. तिने त्याचा हात धरला. सगळ्यांसमोर, काळ्या बोटांत काळी बोटं गुंतवून. मान ताठ केली.

"हा माझा आहे, मावशी."

मावशीने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुझा आहे तर मग त्याला असा उपाशी काय उभा ठेवतेस?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. "चला रे, सगळे घरी चला. व्याह्यांनाही आणा!"