सलीमाला पियानो, मला ऑर्गन

माझं पहिलं भांडण त्याच्याशी झालंच नाही. त्याच्या पेटीशी झालं! धुळ्याच्या स्टँडवर. हसू नका गं, खरंच सांगतेय.

देवपूरला मावशीकडे दोन दिवस राहून मी जळगावला हॉस्टेलवर परत निघाले होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. सकाळची गाडी खच्चून भरलेली आणि खिडकीजवळच्या सीटवर एक लांबलचक काळी पेटी ऐसपैस बसलेली. वर शाल पांघरून! आणि शेजारी एक उंच, सावळा मुलगा... तिच्या खांद्यावर हात टाकावा तसा हात टाकून.

"ही पेटी जरा वर ठेवा ना," मी म्हटलं.

"वर आदळते हो."

"मग खाली ठेवा."

"खाली लोक पाय देतात."

"मग मी कुठं बसू? तिच्या मांडीवर?"

तो एकदम लाजला. मग खिशातून तिकीट काढून म्हणाला, "तिचं तिकीट काढलंय मी."

"पूर्ण?"

"हाफ द्या म्हटलं होतं. कंडक्टर म्हणाले, उंची बघा तिची."

मला हसू फुटणार होतं, पण मी दाबलं. तर तो उठलाच. "तुम्ही माझ्या जागेवर बसा. फक्त... तिला जरा धरून बसा. पारोळ्याच्या पुढं रस्ता वाईट आहे."

झालं. तो दांडीला लटकून उभा आणि मी त्या पेटीला कवटाळून बसलेली. प्रत्येक खड्ड्याला त्याची नजर खाली यायची. काय ती नजर! काळजीची, मायेची... मी आपली उगाच केस कानामागं सारले. तर तो म्हणतो, "शाल घसरली बघा तिची."

तिची! त्या क्षणापासून मला ती पेटी आवडत नाही.

आणि दुपारी बघते तर काय, आमच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीला तोच! तीच पेटी उघडून, आतल्या पट्ट्या फडक्यानं पुसत बसलेला.

आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे 'स्वरगिरणा'. तोतारामनाना त्याचे मालक. माझे आबा आणि नाना शाळेत एका बाकावर बसायचे, म्हणून तर फैजपूरच्या चौधरींची मुलगी स्टेजवर गाऊ शकली. नाहीतर आबांनी मला केळीच्या बागेबाहेर सोडलं नसतं. तालीम एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये चालायची. कापूस जाऊन जमाना झाला, पण रुई अजून हवेत तरंगायची. केसांत, पापण्यांत, चहात... सगळीकडे रुई.

"हा अभिमन," नानांनी ओळख करून दिली. "आपला नवा कीबोर्डवाला."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आम्ही एकत्र आलोय धुळ्याहून. तिघं."

तिघं म्हणे!

पण ऐका ना, पेटी होती मात्र जादूची. नानांकडे पूर्वी एक खराखुरा विजेचा पियानो आणि एक खराखुरा विजेचा ऑर्गन होता. ऑर्गनचा भोंगा वेगळ्या लाकडी कपाटात, आणि तो आत गरगर फिरायचा. कार्यक्रम म्हटला की ते धूड उचलायला गडी लागायचे. कधीच गंजून गेलं सगळं. आणि अभिमननं काय केलं, एक बटण दाबलं... आणि तोच जुना ऑर्गन! तोच घुमणारा, फिरणारा आवाज, त्या एवढ्याशा पेटीतून.

नाना खुर्चीवरून उठलेच. "अरे, हाऊच शे! हाऊच शे तो!" म्हणत त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मग अभिमननं दुसरं बटण दाबलं. विजेचा पियानो. काय सांगू तुम्हाला... काचेच्या बांगड्या कुणीतरी पाण्यात हलवाव्यात ना, तसा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. मी मनात म्हटलं, हा माझ्या गाण्याला. हा माझाच.

आणि त्यानं तो सलीमाला दिला!

सलीमा आमची दुसरी गायिका. मेहरूणला राहायची. गोरी, गालाला खळी, ठसक्याची गाणी तीच म्हणायची. तिच्या गाण्याला रोज पियानो... टिंग, टिंग, अशी चांदणी सांडायची. आणि माझं गाणं आलं की याचा हात त्या दुसऱ्या बटणाकडे. घुंऽऽऽ! ऑर्गन!

"तुझं गाणं लागलं की दळण टाकल्यासारखं वाटतं गं," भटू म्हणाला. भटू म्हणजे आमचा ड्रमवाला, त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

सगळे हसले. सलीमा तर पोट धरून. मीही हसले, पण मला आतून अशी मिरची लागली!

मग मला सगळं दिसायलाच लागलं. सलीमाच्या ओढणीवर रुई बसली की अभिमन ब्रश घेऊन ती झटकायचा. "पट्ट्यांत जाईल," म्हणायचा. माझ्या केसांत ढीगभर रुई असायची, मी मुद्दाम पेटीवर वाकायचे... तर हा नुसता बघत राहायचा. सलीमाच्या गाण्यात तो मजेत असायचा, भटूशी डोळ्यांनी बोलायचा, चहासुद्धा प्यायचा. माझ्या गाण्यात मात्र कपाळाला आठी. घाम. मान खाली. जणू कुणी शिक्षा दिलीय!

एकदा मी विचारलंच. "अभिमन, मला पियानो का नाही देत?"

"तुला ऑर्गन चांगला."

"का? माझा आवाज जाड आहे?"

"नाही गं..."

"मग?"

तो पट्ट्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुला कळायला पाहिजे."

काय कळायला पाहिजे? हेच ना, की चांदणी कुणाला आणि दळण कुणाला! रात्री हॉस्टेलवर गोधडीत तोंड घालून मी ठरवून टाकलं. चाळीसगावचा कार्यक्रम जवळ आला होता. तालमीत सगळ्यांसमोर म्हटलं, "चाळीसगावला माझ्या गाण्याला पियानो पाहिजे. सलीमाला देतोस तोच. नाहीतर मी येणार नाही."

सलीमानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

"ऑर्गन नको?" अभिमननं विचारलं.

"नको."

"नक्की?"

"नक्की."

त्याचा चेहरा असा उतरला की माझं मलाच... पण मी मागं हटणार होते का? "बरं," तो एवढंच म्हणाला.

चाळीसगावला मैदान भरलेलं. माझं गाणं नानांनीच लिहिलेलं, अहिराणीतलं. पांझरेच्या एका काठावरची पोरगी दुसऱ्या काठावरच्याला हाक मारते. आणि ती हाक अशी लांब, उंच, की श्वास संपेपर्यंत धरायची. माझी खासियतच ती. तालमीत मी ती डोळे मिटून लावायचे, निवांत.

पियानो सुरू झाला. टिंग... टिंग... अहाहा! मी सलीमाकडे असा कटाक्ष टाकला, बघ म्हटलं, आता मला. पहिलं कडवं तर हवेतच गेलं.

मग हाक आली. मी सूर लावला. खालून एक टिंग झालं... आणि विरघळलं. गेलं! खाली काहीच नाही. मी एकटी वर, आणि पायाखालची फळी काढून घेतलेली. अभिमननं पुन्हा वाजवलं, पुन्हा विरघळलं. तो पुन्हा पुन्हा वाजवत होता, विहिरीत पडलेल्याला दोर टाकावा तसा. माझा आवाज थरथरला, आणि हाक मधेच मोडली. मागच्या रांगेतून शिट्टी आली.

मी कशीबशी विंगेत आले. अभिमन मागोमाग आला. "यामिनी, ऐक..."

"तू मुद्दाम केलंस!"

"मी?"

"सलीमाला असं नाही सोडत कधी. तिच्यासमोर माझं हसं करायचं होतं ना? झालं! आता रोज तिलाच वाजव."

"पोरी, कथा चालनी?" कुठं चाललीस म्हणून नाना हाका मारत राहिले. कार्यक्रम बघायला आलेल्या मावसभावासोबत मी तडक निघून आले. हॉस्टेलवर पोचून आबांना चिठ्ठी टाकली, गाणं सोडलं म्हणून. आबांना आनंदच झाला असेल.

त्यानंतर जिनिंगकडे फिरकले नाही. अभिमन एकदाही आला नाही. येईल कशाला? माझ्याशिवाय तिथं मजाच चालली असेल. चांदणीच चांदणी.

आली ती सलीमा. ओढणीत मेहरूणची बोरं बांधून. मला ओढतच तळ्यावर घेऊन गेली.

"पागल है क्या तू?" बसल्या बसल्या ती सुरू झाली. "माझ्यावर कशाला जळतेस? जळायला तर मी पाहिजे तुझ्यावर!"

"तू? तुला पियानो मिळतो."

"मिळतो! अगं, माझ्या गाण्यात तो काय करतो बघितलंस कधी? एकदा टिंग करतो, पायानं पेडल दाबतो, की आवाज आपला आपण विरतो. हात मोकळा! चहा पितो, नाक खाजवतो. परवा तर त्यानं माझ्या कडव्यात शर्टचं बटण लावलं." तिनं रागानं बी थुंकली. "मी नानांना किती वेळा म्हटलं, मलाही ऑर्गन द्या. तर हा म्हणतो, ऑर्गन फक्त यामिनीला. का, तर ऑर्गन तसा वाजत नाही. बोट ठेवलं तोवरच वाजतो. उचललं की खलास. तुझी ती लांबलचक हाक चालते ना, तोवर तो श्वास रोखून तिथंच. हलत नाही, बघत नाही. घामानं भिजतो बिचारा."

माझ्या हातातलं बोर हातात.

"आणि माझी रुई झटकतो तो पेटीसाठी," सलीमा म्हणाली. "तुझी झटकायला त्याचे हात कापतात. सगळ्यांना दिसतं. एक तू सोडून."

मी उठले. सलीमा मागून ओरडली, "अगं, बोरं तरी घेऊन जा!" मी मूठभर घेतली आणि धावत सुटले.

जिनिंगचं दार अर्धं उघडं. दुपारचं ऊन तिरपं आत आलेलं, आणि त्या उन्हात रुई तरंगत होती. अभिमन एकटाच. मला बघून त्याच्या हातातला ब्रश खाली पडला.

"दाखव मला," मी धापा टाकत म्हटलं. "पियानो दाखव."

त्यानं एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. टिंग... आवाज पातळ झाला, आणखी पातळ... संपला. बोट मात्र तिथंच होतं.

"आता ऑर्गन."

त्यानं बटण बदललं. घुंऽऽ... सूर उभा राहिला. राहिला तो राहिलाच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय आणि सूर तसाच.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? भटूसमोर? नानांसमोर?" तो खाली बघत म्हणाला. "सलीमा तिच्या ठेक्यात धावते. तिला मी नसलो तरी चालतं."

"आणि मला?"

"तुझं तुला माहीत. मला नाही चालत." मग एकदम धुळ्याची बोली त्याच्या तोंडून निसटली. "माले नही जमस, यामिनी. तू गाणं म्हणतेस आणि मी हात काढून घ्यायचा... माले जमसच नही."

सूर घुमतच होता. माझ्या छातीतही काहीतरी तसंच घुमत होतं...

"मग चार दिवस आला का नाहीस हॉस्टेलवर?"

"आलो होतो. गेटवरची बाई म्हणाली, भाऊ असशील तर बोलावते." तो कानापर्यंत लाल झाला. "मला भाऊ नाही म्हणता आलं."

अगं बाई! मला हसू येत होतं आणि रडूही.

"शनिवारी धुळ्याचा कार्यक्रम आहे," तो घाईघाईनं बोलायला लागला, जणू आता थांबला तर पुन्हा बोलताच येणार नाही. "आई येणार आहे माझी. तिनं विचारलं, कोण रे ती पोरगी? फोटो तर नाही माझ्याकडे. मी सांगितलं... जिच्या गाण्याला ऑर्गन वाजेल ना, ती बघ." तो थांबला. "तू नाही आलीस, तर ती बिचारी कुणाला बघेल?"

मी एक बोर तोंडात टाकलं.

"बोल ना."

मी दुसरं बोर टाकलं. मुद्दाम, हळूहळू. इतके दिवस जळले होते मी, जरा त्यालाही कळू दे!

"यामिनी, बोट दुखतंय."

"दुखू दे."

"उचलू?"

"उचलून तर बघ!"

त्यानं उचललं नाही. दुसऱ्या हातानं, अगदी भीत भीत, माझ्या केसांतली रुई काढली. हात खरंच कापत होता त्याचा. मी हललेच नाही.

तेवढ्यात दारात नाना. "अरे, काय व्हयनं? कोणतं बटण अडकनं रे? कवाचं घुमी ऱ्हायनं!" मागून सलीमा, ओढणीनं तोंड दाबून हसणारी. भटू तिच्या खांद्यावरून डोकावणारा. अभिमन गोरामोरा झाला. पण बोट पट्टीवरच.

"काही अडकलं नाही, नाना," मी म्हटलं. "मी येतेय शनिवारी धुळ्याला. पण एक सांगून ठेवते. त्या दिवशी सलीमाच्या गाण्याला ऑर्गन अजिबात वाजवायचा नाही. चुकूनसुद्धा नाही!"

"काब्रं, पोरी?" नानांना कारण कळेना.

मी अभिमनकडे बघितलं.

"यांच्या आईंचा घोळ होईल ना!"