कोपराची खूण

परदेशातली सकाळ होती आणि फिरकीमामा गुळण्यांसाठी गरम पाणी आणायला निघाले होते. स्वतःसाठी नव्हे, व्याहीबुवांसाठी. लॉजच्या मालकिणीला भाषा कळेना, म्हणून मामांनी मान मागे टाकून घशात खळखळ आवाज काढून दाखवला. ती बिचारी डॉक्टरलाच फोन लावायला धावली. गाण्याच्या कार्यक्रमासाठी सोबत आलेल्या चर्चच्या गायनमंडळातल्या बाया हसून हसून जिन्यावर बसल्या. हा माणूस असाच. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की शेजाऱ्याच्या बुटाची नाडी सोडणार, आणि आमेन मात्र सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणणार.

व्याहीबुवा म्हणजे मामांच्या लेकीचे सासरे. जन्मभर शिंपीकाम केलेला, सुईच्या आवाजात बोलणारा माणूस. शेवटच्या रांगेत खर्ज धरायला दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहत. कार्यक्रमातलं शेवटचं गीत व्याहीबुवांच्या बायकोचं लाडकं. ती गेल्या वर्षी प्रभूघरी गेली. तिच्यासाठी एकदा हे मोठ्या देवळात गायचं, एवढ्याच हट्टानं छातीतली घरघर घेऊन हा माणूस समुद्र ओलांडून आला होता.

त्या गीताचा शेवटचा सूर लांबच लांब. एका दमात कोणाच्या बापाला जमायचा नाही. म्हणून दोघांची खूण ठरलेली. दम संपला की शेजाऱ्याच्या बरगडीत हळूच कोपर लावायचं. शेजारी सूर धरून ठेवणार, तेवढ्यात आपण श्वास घ्यायचा. मग पाळी उलटी. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर अखंड आहे.

देवळातल्या सरावात व्याहीबुवांचं कोपर लागलं आणि मामांना खोडी सुचली. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

खर्ज कापड फाटावं तसा तुटला. व्याहीबुवा खोकत खोकत बाक धरून उभे राहिले.

गाणं बसवणाऱ्या बाईंनी हात खाली घेतले. "कोणाचा तुटला?"

व्याहीबुवांनी मामांकडे एकदा पाहिलं. "माझाच, बाई."

"मग आज तुम्ही पुढे बसून ऐका. छातीशी खेळ नको."

इथे मामांनी एक वाक्य बोलायचं होतं. जन्मभर नको तिथे चुरूचुरू बोलणारा माणूस, आणि नेमकी तेव्हाच दातखीळ बसली. व्याहीबुवांनी गीतांचं पुस्तक मिटलं, कोट घडी करून हातावर घेतला आणि पुढे जाऊन बसले.

त्या मुलखात दुपारीच अंधारून यायचं. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा उंच खिडक्या काळवंडल्या होत्या. मेणाचा, ओल्या दगडाचा, वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेटीसारखा वास येत होता. मामांच्या उजवीकडे व्याहीबुवांची रिकामी जागा, तिच्यापलीकडे भिंत. समोरच्या बाकावर व्याहीबुवांचे ओठ मिटलेले होते, पण गळ्याची घाटी शब्दागणिक हलत होती. मामांना मान वर करवेना.

शेवटचा सूर आला. मामांनी धरला. दम संपत आला आणि सवयीनं त्यांचं कोपर उजवीकडे गेलं.

बरगडीला लागलं.

जाड, ओली लोकर... आणि आत हाड. मामांचं तोंड आपोआप मिटलं. पण सूर तुटला नाही. त्या रिकाम्या जागेतून तो चालू राहिला... खोल, गार, तळघरातून यावा तसा. मामांनी वळून पाहिलं नाही. श्वास घेतला आणि उरलेला सूर त्याच्या जोडीनं पुरा केला.

टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "मामा, आज एकट्यानं दोघांचं गायलात."

"फार गोड झालं," व्याहीबुवा डोळे पुसत म्हणाले. "तिला आवडलं असतं."

यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसले, डावीकडे व्याहीबुवा. आता बोलायचंच, असं मामांनी ठरवलं.

"व्याहीबुवा... सकाळचा सूर..."

"राहू द्या हो. भाता जुना झाला आमचा."

"तसं नाही. ऐका तर. मीच..."

मामांच्या उजव्या बरगडीत हळूच कोपर लागलं.

उजवीकडे नुसती काच होती.

खूण मामांना पाठ होती. देवळात त्या रिकाम्या जागेतल्यानं सूर धरला होता. आता श्वास घ्यायची पाळी त्याची. सकाळी एकाला दगा दिला, त्यानं काही म्हटलं नाही. हा काय करेल कोण जाणे. मामांनी कबुली घशातच दाबली आणि तोच खर्ज धरला.

"आता कसलं गुणगुणताय?" व्याहीबुवांनी विचारलं.

मामांना थांबता येईना. काचेच्या बाजूनं कोणीतरी श्वास आत घेत होतं. सावकाश... घेतच होतं. मामांचा दम संपला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि जीव वाचवायला त्यांचं डावं कोपर व्याहीबुवांच्या बरगडीत गेलं.

त्या भल्या माणसाला वाटलं, आपलं राहून गेलेलं गाणं पुरं करायला मामा बोलावताहेत. त्याचा चेहरा उजळला. घरघरत्या छातीनं त्यानं सूर उचलला.

उजवीकडचा श्वास अजून आतच जात होता.