समोरच्याची वाक्यं

माझी धाकटी बहीण नटी आहे. सिनेमात ती न्यायाधीश झाली, खुनी झाली. रंगमंचावर राणी झाली आणि मोलकरीणही. तिच्या सगळ्या नवऱ्यांची, मुलांची आणि मारेकऱ्यांची वाक्यं घरी मीच वाचत आलो. पाठांतराला समोर कुणीतरी लागतं. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. अभिनयातलं मला काही कळत नाही. कानांवरही आता फारसा भरवसा नाही. तेव्हा पुढचं त्या बेतानेच घ्यावं.

बऱ्याच वर्षांनी तिला नाटकात मुख्य भूमिका मिळाली होती, आणि वाक्यं काही केल्या तोंडात बसत नव्हती.

"दादा, तू बातम्या दिल्यासारखं वाचतोस. मला रडू कसं येणार?"

"चिमे, मी पहिल्यापासून असाच वाचतोय. तेव्हा यायचं."

"तेव्हा तू तरुण होतास."

"आणि तू पाठ करायचीस."

संहिता माझ्या मांडीवर आपटून ती निघून गेली. दिग्दर्शकाने तिला स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या प्रयोगात अडखळलात तर दुसऱ्याला दुसरी बाई उभी राहील. मला तिची काळजी वाटत होती. रागही तितकाच येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा गाळत असताना तिच्या खोलीतून शेवटच्या अंकातलं लांब भाषण ऐकू आलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी भडकलोच. एकटीला येतं, मग माझ्यासमोरच काय होतं हिला?

भाषण समोरच्याच्या वाक्यापाशी थांबलं. मी सवयीने ओट्यापासूनच म्हणालो, "एवढं सगळं सोसलंस, मग आजच का जातेस?"

उत्तर लगेच आलं. बिनचूक.

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, शूटिंग लांबलंय. वाट बघू नकोस, जेवून घे."

तिच्या मागे कुणीतरी दिवा सरकवायला सांगत होतं. खोलीतला आवाज मात्र पुढच्या वाक्यावर पोचला होता.

मी आत गेलो. घडी केलेली चादर. आरशापुढे कंगवा. आवाज थांबलेला.

रात्री ती आल्यावर तिला सांगितलं.

"कान तपासून घे बाबा एकदा," ती म्हणाली.

तपासले. ठणठणीत निघाले. त्याचाही वैतागच आला.

पहिला प्रयोग दुपारचा होता. मी संहिता घेऊन विंगेत बसलो. शेवटच्या अंकात ती अडकली. मी वाक्य पुटपुटलो. पुन्हा पुटपुटलो. तिने माझ्याकडे पाहिलं, पण तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

मग भाषण सुरू झालं.

माझ्या पाठीमागून. मेकअपच्या रिकाम्या खोलीतून.

प्रेक्षक डोळे पुसत होते. तिचे ओठ हलत होते, शब्दांच्या किंचित मागे.

"बाई, तुम्हाला तोड नाही," दिग्दर्शक म्हणाला. दुसऱ्या बाईचा विषय तिथेच संपला.

घरी आलो तेव्हा बाहेर ऊन होतं. मी तिला पाणी दिलं. ती माझ्यासमोर खुर्चीत बसून एका दमात पीत होती.

"दादा, कसं झालं रे?"

प्रश्न माझ्या पाठीमागून आला. पेला अजून तिच्या तोंडाला होता, आणि तिच्या खोलीचं दार बंद होतं.

तिने पेला खाली ठेवला, आणि मग त्याच शब्दांचे नुसते ओठ हलवले.