निरोपाचं गाणं कुणी गायलं

पंखा बंद करा आणि जवळ सरकून बसा. मला ओरडून सांगता यायचं नाही. आपला साउंडवाला माहीत आहे ना, कार्यक्रमांना स्पीकर लावतो तो? हल्ली तो गाण्याच्या कार्यक्रमांचं काम घेत नाही. का घेत नाही, ते त्यानं मला एकदाच सांगितलं.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. एका बुजुर्ग गायकाचा निरोपाचा दौरा गावोगाव चालला होता आणि त्या रात्री शेवटचा कार्यक्रम होता. सगळे त्यांना साहेब म्हणत. पंचाहत्तरी उलटलेली, आवाज बसलेला, तोरा मात्र तसाच. कार्यक्रमाआधी साउंडवाला त्यांच्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी आणायला गेला. परत येतो तर मेकअपच्या खोलीबाहेर पांढऱ्या केसांची एक बाई उभी. साहेबांच्या धाकट्या भावाची बायको. आत सोडता का, म्हणाली. घरचंच माणूस, म्हणून हा तिला घेऊन गेला.

बाई बसलीसुद्धा नाही. उभ्यानंच तिनं जुनी गोष्ट काढली. साहेबांचं जे पहिलं गाणं घराघरांत वाजलं, ते साहेब गायलेच नव्हते. गायला होता धाकटा. या वेळी नाव माझं लागू दे, पुढचं गाणं तुझं, असं सांगून साहेबांनी त्याला गप्प बसवलं होतं. ते पुढचं काही आलं नाही. तो बिचारा दारूपायी गेला.

"भाऊजी, आज शेवटचा कार्यक्रम," बाई म्हणाली. "ते गाणं म्हणण्याआधी एकदा यांचं नाव घ्या."

साहेब आरशात बघून केस विंचरत होते.

"कुणाचं?"

मग साहेबांनी साउंडवाल्याला फर्मावलं, हिला बाहेर काढ, आणि उद्यापासून तुझंही तोंड मला दिसू नये. हा बाईला फाटकापर्यंत सोडायला गेला. ती रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "मी विचारायला तरी आले. आमचे हे विचारणार नाहीत."

हॉल गच्च भरला होता. ते गाणं सगळ्यात शेवटी होतं. वाजवणाऱ्यांनी सूर धरला, साहेब माइकपाशी आले...

आवाज लागला. कोवळा, विशी-पंचविशीतला. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. साउंडवाल्यालाही क्षणभर बरं वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटी कमाल केली. मग त्यानं नीट पाहिलं.

साहेबांचं तोंड मिटलेलं होतं.

दोन्ही हात गळ्याशी. डोळे याच्यावर. ते डोळेच म्हणत होते, बंद कर... बंद कर...

त्यानं माइकचा आवाज उतरवला. गाणं चालूच. वायर उपटली. चालूच. वाजवणारे एकेक करून थांबले. टाळ्या विरल्या. राहिला नुसता तो आवाज. आता तो शब्द गात नव्हता, चावत होता. पुढच्या रांगेतली माणसं उठून मागं सरकायला लागली.

यानं मेन स्विच पाडला.

काळोख.

काळोखात ते गाणं शेवटच्या ओळीपर्यंत झालं. मग शांत... बराच वेळ शांत. आणि स्टेजवरून, अगदी हळू...

"दादा... आता तू म्हण."

दिवे लागले तेव्हा साहेब जमिनीवर बसले होते. जिवंत. अजूनही आहेत. जेवतात, झोपतात. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही दोष नाही. पण त्या रात्रीपासून तोंडातून शब्द फुटलेला नाही. तोंड उघडतात... नुसती हवा येते.

मला हे सगळं पटेना. तेव्हा साउंडवाला आत गेला आणि तो माइक ठेवलेली पेटी घेऊन आला. कित्येक महिने कुलूप काढलेलं नव्हतं. कुलपावर गंज चढलेला. त्यानं झाकण उघडलं. माइकला वायर नाही, काही नाही.

मी जाळीला बोट लावलं.

ओली होती... आणि गरम.