पेटीतली एकच चिठ्ठी

"चोर पाचच्या आत सापडला पाहिजे, बाई. सव्वापाचला सापडला तर त्याचा कायबी उपेग न्हाई."

खुर्चीवर बसण्याआधीच जाईबाई लोंढे यांनी हे सांगून टाकले. सोमवारचे साडेअकरा वाजले होते. सांगलीतल्या त्या लहानशा कचेरीत पायरीवर चपला काढून आलेल्या या पन्नाशीच्या भाजीवाल्या बाईंकडे चंदनबाला चौगुले क्षणभर पाहत राहिल्या. बावीस वर्षे विमा कंपनीसाठी दावे तपासल्यानंतर त्यांनी खासगी तपासाचे काम सुरू केले होते. समोरचा माणूस घाईत आहे की घाबरलेला आहे, हे त्यांना आवाजावरून कळत असे. जाईबाई घाईत होत्या.

"चोरीला काय गेलंय?"

"चारशे बारा माणसांचं म्हणणं."

चंदनबालांचा सहकारी बिराप्पा हराळे वहीत लिहिता लिहिता थांबला. तो पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. ऐकलेले सगळे तो बिनचूक टिपून घेई. निष्कर्षाला मात्र उशिरा पोहोचे, आणि हे तो स्वतःही मान्य करी.

"म्हंजे? वस्तू काय लिवू?"

"चिठ्ठ्या लिवा, दादा," जाईबाई म्हणाल्या.

उरलेली हकीकत मोटारीत कळली. आष्टा आणि तासगाव यांच्या मधल्या निंबळगावात नागरिक सभा होती. सतरा गल्ल्यांतून प्रत्येकी एक प्रतिनिधी सभेवर निवडला जाई; जाईबाई त्यांतल्याच एक. वर्षातून एक काम सभेने सुचवायचे आणि नगरपंचायतीने ते करायचे, असा सात वर्षांचा पायंडा होता. त्यातूनच शाळेपुढच्या गटारावर फरश्या आल्या, बस थांब्यावर छप्पर आले आणि गल्ली सोळाला दिवे लागले. यंदा प्रथमच गावातल्या प्रत्येकाकडून आपल्या गल्लीचा आकडा आणि हवे ते काम लिहिलेली चिठ्ठी मागवली होती. आठ दिवस वाचनालयात पेटी ठेवली. शनिवारी, बाजाराच्या दिवशी, चार वाजता मतदान संपले. आज सकाळी पेटी उघडली, तर आत एकच चिठ्ठी निघाली.

"आणि शिफारस आज पाचपर्यंत गेली नाही तर?" चंदनबालांनी विचारले.

"तर नगरपंचायत आपल्या यादीतलं पयलं काम धरणार. स्वागत कमान." जाईबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "बाजारात आमी बेचाळीस बायका बसतो. सकाळी सातला बसायचं, सांजंला उठायचं. दिवसभर कुणी पाणी पीत न्हाई. का, ते तुमाला सांगायला नको. यंदा आमचं ठरलं हुतं, मुतारी झाल्याशिवाय गप बसायचं न्हाई. गल्लीगल्लीत हिंडले मी. आता कमानीखालनं जायचं व्हय आमी?"

"तुम्ही चिठ्ठी कधी टाकलीत?"

"शनवारी, एकच्या सुमाराला. आत जाईना मेली. बोटानं ढकलली तवा गेली."

वाचनालयाची इमारत दुमजली होती. जिन्याजवळच्या बटणावर पुठ्ठा लटकत होता. 'टाकी खाली झाल्यास मोटर चालू करावी. हुकमावरून, कोंडीबा.'

बिराप्पाने मान वर करून गच्चीकडे पाहिले. "टाकी तर वर हाय. ती खाली कशी हुईल? पडली तरच!"

"आमचा कोंडीबा राखणदार. सतरा वर्सं फौजेत हुता," जाईबाईंना एवढ्या काळजीतही हसू आले. "त्याचं निम्मं मराठी तिकडंच राह्यलंय. पर माणूस लय शिस्तीचा. खुर्ची वीतभर सरकली तरी जाग्यावर लावणार."

वाचनालयात टेबलावर हिरव्या पत्र्याची पेटी होती. भोवती लाखेचे तुकडे विखुरले होते आणि शेजारी तुटलेले कुलूप पडले होते. सभेचे अध्यक्ष भूपाल मगदूम खिडकीपाशी ताठ बसले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक होते.

"बाई, आधी एक सांगतो," ते उठून म्हणाले. "सील मी केलं. ठसा माझ्याच घरी असतो. सकाळी सतरा जणांसमोर पाहिलं, तेव्हा सील शाबूत होतं. म्हणजे सील न मोडता चिठ्ठ्या कोणी काढू शकत नाही, आणि मोडून पुन्हा करू शकणारा माणूस एकटा मीच. गाव हेच बोलतंय. मी राजीनामा लिहून ठेवला आहे."

"तो खिशातच राहू द्या, गुरुजी. शनिवारी काय झालं?"

"सहा वाजता आलो. कोंडीबा सव्वाचारच्या गाडीनं पुतणीच्या लग्नाला गेला होता, कोयनानगरच्या वरच्या वाडीला. उद्या येईल. मी कुलूप उघडून आत आलो, पेटीला कापड गुंडाळलं, लाख लावली, ठसा उठवला."

"पेटी उचललीत?"

"नाही. हलवायची नाही असा नियम केला होता."

"सकाळी कुलूप का तोडलं?"

"किल्ली फिरेना. भोकात लाख गेली असेल असं वाटलं. आमच्या चिटणिसानं, श्रेयसनं, हातोडीनं तोडलं."

चंदनबालांनी कुलूप उचलले, उजेडाकडे धरले आणि किल्लीच्या भोकात बराच वेळ पाहिले. बिराप्पाने पेटीत हात घालून कोपरे चाचपले. काही मिळाले नाही. बोटाला लागलेले जळमट त्याने विजारीला पुसले. चंदनबालांनी तेही पाहिले.

"एरवी या टेबलावर काय असतं?"

"तक्रारपेटी," उत्तर जाईबाईंनी दिले. "ती आठ दिस हलवली हुती. दोन्ही पेट्या सिद्धू पत्रेवाल्याकडनंच करून घेतल्यात सभेनं."

"कुठं हलवली होती?"

"कोंडीबाच्या कपाटात असेल," भूपाल गुरुजी म्हणाले. "वरच्या खोलीत. झेंडा, घंटा, झाडू, सगळं त्यातच. किल्ली त्याच्या कमरेला."

"सील करण्याआधी त्याच्याशी बोललात?"

"फोन केला होता. दोन वाक्यं झाली आणि तुटला. घाटात होता तो. त्यानंतर लागलाच नाही."

"ती दोन वाक्यं मला जशीच्या तशी हवीत."

गुरुजींनी डोळे मिटले. "मी म्हणालो, 'कोंडीबा, टेबलावरची पेटी सील करतोय.' तो म्हणाला, 'साहेब, ती पेटी खाली हाय. वर...' आणि आवाज गेला. मी म्हटलं, खालीच आहे, मला दिसतेच आहे."

बिराप्पाने ते अक्षरशः लिहून घेतले.

हा चिटणीस म्हणजे श्रेयस आवटी. चौकात त्याचे फलक छापण्याचे दुकान होते; तिघे तिथे गेले. त्याने पाहुण्यांना बसायला सांगितले, स्वतः उभाच राहिला.

"मी कमानीच्या बाजूनं आहे. चोरून नाही, उघड. रस्त्यानं लोक आष्टा विचारतात, तासगाव विचारतात. निंबळगाव कधी मागं गेलं ते कुणाला कळत नाही. गावाला नाव दिसायला नको?"

"नाव दिसंल रं," जाईबाई म्हणाल्या, "पर आल्या-गेल्या बाईमाणसानं जायचं कुठं, ते बी दिसू दे की!"

"मावशी, मी चोर नाही."

"तसं म्हणलं का मी?"

"पेटीत निघालेली चिठ्ठी गल्ली अकराची आहे. कमानीची," चंदनबाला शांतपणे म्हणाल्या. "तुमची?"

श्रेयसने टेबलावरचे कागद सारखे केले. "असेल. मी शनिवारी टाकली. दीड-दोन वाजता."

"गर्दी होती?"

"होती की. बाजाराचा दिवस."

"आत जायला त्रास झाला?"

"कसला त्रास? सोडली, पडली आत."

बिराप्पा मतदारांची नोंदवही चाळत होता. चारशे बारा नावे, प्रत्येकापुढे कोंडीबाची ठसठशीत खूण. "बाई, गल्ली अकरामदी ह्यांचं नाव न्हाई."

"राहून गेलं असेल," श्रेयस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर बिराप्पाने वही मिटली. "मला वाटतं ह्यानंच केलं. बाकीच्या चिठ्ठ्या काढल्या, आपली ठेवली."

"चोरानं आपल्या गल्लीचा आकडा असलेली चिठ्ठी मागं ठेवली, असं?"

बिराप्पाने वही पुन्हा उघडली.

चार वाजता सतरा प्रतिनिधी वाचनालयात जमले. काही जण भूपाल गुरुजींकडे पाहत होते, काही मुद्दाम पाहत नव्हते. चंदनबाला टेबलाजवळ उभ्या राहिल्या.

"सीलबंद पेटीतून चिठ्ठ्या कशा गेल्या, या प्रश्नाशी तुम्ही सकाळपासून झगडताय. त्याला उत्तर नाही, कारण त्या गेल्याच नाहीत. या पेटीत त्या कधी नव्हत्याच."

खोलीत कुजबूज झाली. त्यांनी हात वर केला.

"बिराप्पांच्या बोटाला या पेटीतलं जळमट लागलं. ज्या पेटीत आठ दिवस चिठ्ठ्या पडत होत्या, शेवटी बोटानं ढकलाव्या लागत होत्या, तिच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं टिकेल? आता कुलूप. किल्ली फिरली नाही, लाखेला दोष दिलात. मी भोकात पाहिलं. लाखेचा कणही नाही. किल्ली फिरली नाही, कारण ती या कुलपाची नव्हतीच. ही तुमची तक्रारपेटी आहे, त्याच पत्रेवाल्यानं केलेली, हुबेहूब तशीच."

"पण ती इथं आली कशी?" एकाने विचारले.

"जशी रोज असते तशी. खुर्ची वीतभर सरकली तरी जागेवर लावणारा माणूस चार वाजता मतदान संपवतो. भरलेली पेटी अशी उघड्यावर ठेवून गावाला कसा जाईल? तो ती आपल्या कपाटात कुलूपबंद करतो, आणि कपाटातली तक्रारपेटी तिच्या नेहमीच्या जागी आणून ठेवतो. त्याच्या दृष्टीनं काम चोख झालं."

"मग मला सांगायला नको?" गुरुजींचा आवाज चिरका झाला.

"त्यानं सांगितलं. तुम्ही पेटीच्या समोर उभे होता, टेबलावरची पेटी असं तुम्ही स्वतःच म्हणाला होतात. ती कुठं आहे हे तो तुम्हाला कशाला सांगेल? जिन्यातला पुठ्ठा आठवा. तुमची टाकी गच्चीवर आहे, आणि ती खाली झाली की मोटर लावायची. फौजेतून आलेल्या कोंडीबाच्या तोंडी हिंदीतलं 'खाली', म्हणजे रिकामी. 'साहेब, ती पेटी रिकामी आहे. वर...' पुढचे शब्द घाटानं खाल्ले. वर कपाटात भरलेली आहे, हेच ते असणार."

गुरुजी हळूच खुर्चीवर बसले.

"आणि ती एक चिठ्ठी?" बिराप्पाने विचारले. या वेळी त्याला उत्तर अर्धे ठाऊक असावे.

"एक वाजता जाईबाईंना चिठ्ठी बोटानं ढकलावी लागली. श्रेयसची सोडली आणि पडली. म्हणजे ती रिकाम्या पेटीत पडली, चारनंतर आणि सहाच्या आधी. चिटणिसाकडं खोलीची किल्ली असते."

श्रेयसने मान खाली घातली. "दुकानात दिवसभर सुटका झाली नाही. पाच वाजता आलो. वेळ संपली होती, पण एका चिठ्ठीनं काय होतंय असं वाटलं. सकाळी ती एकटीच निघाली, आणि माझी वाचाच गेली. गुरुजी, तुमच्याकडं बोटं दाखवली जात होती आणि मी गप्प राहिलो. माझं चुकलं. ती चिठ्ठी धरू नका."

"धरता येणारच नाही," गुरुजी म्हणाले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण बोललास, हे बरं केलंस."

कपाट फोडायला कोणी धजेना. गैरहजर माणसाच्या कुलपाला हात लावायचा कसा? जाईबाई पुढे झाल्या. "कोंडीबाला काय सांगायचं ते मी सांगीन. काढा बिजागऱ्या." बिराप्पाने पेचकस चालवला. दार बाजूला झाले.

झेंड्याच्या घडीखाली हिरवी पेटी होती. फटीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, आणि तिच्यावर तेच ठसठशीत अक्षर: 'वेळ १६.००. मतदान बंद. नग ४१२. कोंडीबा.' पट्टीला कुठेही चीर नव्हती. गुरुजींनी खिशातली किल्ली लावली. ती पहिल्या झटक्यात फिरली.

सतरा जण मोजायला बसले. चिठ्ठ्या चारशे बारा भरल्या. बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह दोनशे अडतीस, कमान एकशे एक, बाकीची कामे मिळून त्र्याहत्तर. मोजणीच्या कागदावर चिटणीस म्हणून श्रेयसने सही केली. त्याची सही सगळ्यात स्वच्छ होती.

नगरपंचायतीची कचेरी रस्त्यापलीकडेच होती. सगळे जण चालतच निघाले. पेढीवरची, पिठाच्या गिरणीतली माणसे काय झाले म्हणून बाहेर आली आणि मागोमाग चालू लागली. आवक खिडकीपाशी जाईबाईंना पुढे करण्यात आले. आतल्या कारकुनाने घड्याळाकडे पाहून कागद घेतला आणि नोंदवहीत मोठ्याने वाचत उतरवू लागला.

"आठवडी बाजार, महिलांसाठी स्वच्छतागृह. झालं."

"न्हाई झालं," जाईबाई म्हणाल्या. "पुढं लिवा, पाण्याच्या नळासकट."

"तसं शिफारशीत नाही, मावशी."

"नळ नसला तर म्हयन्याभरात कुलूप लागतंय आन् आतनं घाण येती. मग लोक म्हणत्यात, बायकांनाच वापरता येत न्हाई. आमाला ठावं हाय सगळं."

कारकुनाने हात पसरले. "मी माझ्या मनानं कसं घालू? सभेनं ठरवायला पाहिजे."

भूपाल गुरुजी वळले. व्हरांड्यात सतरा गल्ल्यांची माणसे उभी होती.

"सभा इथंच आहे," ते म्हणाले. "'पाण्याच्या नळासकट' हे शब्द घालावेत, ही जाईबाईंची दुरुस्ती. अनुमोदन?"

"माझं," श्रेयस म्हणाला.

हात वर गेले. गुरुजींनी ते एकेक करून मोजले, सतराही. मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी वर्गात शुद्धलेखन सांगावे तसे ते शब्द सावकाश सांगितले. श्रेयसने मूळ कागदावर दुरुस्ती केली, गुरुजींनी शेजारी सही केली. शिक्का उमटला तेव्हा पाचला चार मिनिटे कमी होती.

कारकून वही मिटू लागला, पण जाईबाई खिडकीतून हलल्या नाहीत. त्यांनी उजवा हात आत घातला आणि तळवा उघडून धरला.

"आता पोच द्या," त्या म्हणाल्या.