कमळामावशीची ओ

मी सांगते आहे ते खरं आहे.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी शिकलेली, नोकरी केलेली बाई आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि तिचा शेवट मी माझ्या या दोन कानांनी ऐकला आहे.

साल सत्त्याऐंशी. मे महिन्यात गोवा राज्य झालं, त्याच वर्षीचा नोव्हेंबर. तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं.

जागा डिचोली. वेळ... तिन्हीसांजेची.

मावशीचं नाव कमलाक्षी, आम्ही कमळामावशी म्हणायचो. माहेर-सासर दोन्ही सावंतवाडीकडचं, डोंगरातलं. काका खाणीवर कामाला लागले म्हणून ती डिचोलीला आली. काका वारले, ती तिथेच राहिली. एकुलती एक मुलगी, शालिनी. मुरगावला बंदराजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट होती, तिथेच खोली घेऊन राहायची. सुट्टीला घरी यायची. माझं नाव पूनम, पण शालूताईनं ते कधी घेतलं नाही. मी लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना सापडले होते, म्हणून तिच्यासाठी मी जन्मभराची 'मुंगी'.

मावशीच्या घरात एक नियम होता.

तिन्हीसांजेला बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच. कारण 'ते' जे असतात ना... ते दोनदाच हाक मारतात. तिसरी हाक माणसाचीच.

लहानपणी शालूताईनं एकदा पहिल्याच हाकेला "ओ" म्हटलं. बाहेर होती शेजारची जानकी, वाटीभर साखर मागायला आलेली. तरी मावशीनं पोरीच्या पाठीत असा धपाटा घातला की जानकी साखर न घेताच परत गेली! पुढे मोठी झाल्यावर शालूताई त्याची चेष्टा करायची. संध्याकाळी घरी आली की फाटकातूनच एका दमात ओरडायची, "आये, आये, आये! झाल्यो तीन! उघड आता!"

तीन. कायम तीन. हे तेवढं लक्षात ठेवा.

त्या रविवारी ती घरी आली ती बेत ठरवूनच. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशन म्हटलं की ती देवघरात जाऊन बसायची.

"आये, इतकी वर्सा गोव्यात काढलंस, आणि तू समुद्र बघूक नाय," शालूताई म्हणाली. "लोकांका सांगलंय तर हसतीत."

"हसांदेत. समुद्र खय पळान जाता?"

"समुद्र नाय पळणा. तुजे डोळे चललेत. नजर आसा तवसर एकदा बघ मगो."

काका असताना दर वर्षी समुद्रावर जायचं ठरायचं, आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. आता लेक नेते म्हणाली, तेव्हा तिला आतून भरून आलं. पण तोंडानं काय म्हणाली?

"थय जेवणाचा काय? स्टो घेव काय?"

"आये! आपण फिराक चललंव, संसार मांडूक नाय!"

बेत साधाच. शुक्रवारी संध्याकाळी शालूताईनं घरी यायचं. शनिवारी सकाळी बसनं म्हापसा, तिथून पेडणे, मग केरी. केरीला तिच्या मैत्रिणीच्या आत्याकडे मुक्काम. संध्याकाळी समुद्र. रविवारी फेरीबोटीतून नदी ओलांडून तेरेखोलचा किल्ला बघायचा आणि परत. मायलेकी दोघीच.

"पाण्यात पाय घालूक लुगडा वर घेवचा पडतला," मावशी हळूच म्हणाली.

"मगे घे! कोण बघता तुका?"

"देव बघता."

त्यावर दोघी किती हसल्या म्हणून सांगू! मावशीनं ही गोष्ट मला पुढे कितीदा सांगितली, आणि दरवेळी इथवर येऊन ती थांबायची.

जाताना शालूताई म्हणाली, "सुक्रारी सांजेक येतंय. पिशी भरून ठेव."

शुक्रवार उजाडला. मावशी सकाळपासून कामाला लागली होती. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या. दारावर आलेल्या पदेराकडून पावाचे उंडे घेतले. नवीन चपला, दोन चादरी, लोणच्याची बरणी, लेकीसाठी न्हाल्यावर पुसायला मऊ पंचा. पिशवी भरून दारामागे ठेवली. दिवा लावला, तुळशीपुढे उदबत्ती लावली. दार लोटून कडी घातली आणि वाट बघत बसली.

रस्त्यावरून खाणीचे ट्रक जात होते. घरघर, घरघर... रोजचंच.

मग ट्रकचा आवाज थांबला.

जानकीचा कुत्रा सारखा भुंकायचा, तोही गप्प झाला.

इतकं शांत झालं की तिला दिव्याच्या वातीची चरचर ऐकू आली.

आणि फाटकाशी...

"आये..."

शालूचाच आवाज. मावशी धडपडत उठली. तोंडात आलेली ओ तिनं गिळली. दाराशी गेली. कडीवर हात ठेवला.

"आये..."

या वेळी आवाज जवळून आला. दाराच्या अगदी पलीकडून. हळू... दमलेला.

कडीवर हात ठेवून मावशी तशीच उभी राहिली. आता तिसरी येईल. आता पोर ओरडेल, "झाल्यो तीन!"

तिसरी हाक आलीच नाही.

किती वेळ उभी होती तिला माहीत नाही. बाहेर कुत्रा पुन्हा भुंकायला लागला, ट्रक सुरू झाले, तेव्हा तिनं दार उघडलं. अंगणात कोणी नव्हतं. फाटक लावलेलं होतं. देवाला हात जोडून ती म्हणाली, "राखलंस बाबा. ओ दिवक नाय ता बरा झाला."

काळोख पडल्यावर पुन्हा फाटक वाजलं. जानकीचा नवरा होता, आणि त्याच्यासोबत दोन अनोळखी माणसं.

झालं होतं असं. तेव्हा पणजीचा पूल पडलेला होता, नदीपलीकडे यायचं तर बेतीपर्यंत फेरीबोट. त्या दिवशी फेरीला ही गर्दी. शालूताईची डिचोलीची बस चुकली. कचेरीतला सुधीर स्कूटरवरून साखळीला घरी चालला होता, तो म्हणाला, चल, सोडतो. वाटेत एका वळणावर समोरून ट्रक आला.

सुधीरचा पाय मोडला.

शालूताई गेली.

बाराव्याला सुधीर काठी टेकत आला. मावशीसमोर मान वर करून बघायची त्याला हिंमत होईना. शेवटी मावशीनंच विचारलं, "काय बोलला माजा चेडू?"

"पडल्यावर थोडा वेळ ती शुद्धीवर होती, मावशी," तो म्हणाला. "दोनदा 'आये' म्हणाली. मग गप्प राहिली... कान देऊन. कोणीतरी ओ देईल म्हणून थांबल्यासारखी. आणि मग..."

मी तिथेच बसले होते. मावशीच्या हातातला तांब्या खाली पडला, पाणी सगळीकडे झालं, आणि कोणी पुसायला उठलं नाही.

त्या रात्री मावशीनं शुक्रवारची गोष्ट पहिल्यांदा आम्हाला सांगितली. जानकीनं तिला जवळ घेतलं. "ओ दिवक नाय ता बरा केलंस गो. दिली असतंस तर तुकाय घेवन गेली असती."

"मगे काय झाला असता?" मावशी म्हणाली. "एकटी तरी गेली नसती."



त्या दिवसापासून तिन्हीसांजेला मावशीचं दार सताड उघडं असायचं. रस्त्यावरून कोणी कोणालाही हाक मारो, मावशी आतून "ओ!" म्हणायची. पदेर ओरडला, ओ. जानकीनं कुत्र्याला बोलावलं, ओ. लोक आधी रडले, मग हळूहळू त्यांना सवय झाली, आणि पोरं तर हसायलाही लागली. मला मात्र ती ओ ऐकवत नसे.

पिशवी तिनं सोडली नाही. खायचं तेवढं काढून टाकलं, बाकी होतं तसं.

पुढच्या नोव्हेंबरात तिनं मला निरोप धाडला. मी गेले तर ती नव्या चपला घालून, पिशवी घेऊन तयार.

"पूनम, माका केरीक व्हर."

नाही कसं म्हणणार? नेलं. तीच बस, तोच रस्ता. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर पोचलो. लांबवर रापणकर जाळी आवरत होते, बाकी कोणी नव्हतं. मावशीला आता जेमतेम उजेड-काळोख कळत होता. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाण्यात पाय घातले. लाट आली तशी दचकली. मग रडायला लागली. मीही रडले.

"कसो दिसता गो समुद्र?" तिनं विचारलं.

मी सांगत होते. पाण्याचा रंग, पलीकडचा किल्ला, सूर्य. ती मान डोलवत होती. मधेच म्हणाली,

"ता थय पाण्यात कोण उभा आसा?"

मी बघितलं. कोणी नव्हतं.

"कोण नाय, मावशी."

"आसा," ती म्हणाली.

मोतीबिंदू, मी मनात म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं...

लाटांचा आवाज येत नव्हता.

लाटा येत होत्या, पायाला लागत होत्या. आवाज नव्हता. रापणकरांचा नाही. वाऱ्याचाही नाही.

मग...

"आये..."

मी ऐकला. शपथेवर सांगते, मी ऐकला! समोरून, पाण्यातून, शालूताईचा आवाज. रडवेला नव्हता. फाटकात फार वेळ ताटकळलेलं माणूस बोलतं, तसा कंटाळलेला होता.

मी मावशीचा दंड घट्ट धरला. "मावशे, ओ दिऊ नको! एकच हाक झाली! एकच!"

तिनं माझा हात अलगद सोडवला.

"एकच कशी? दोन गेल्या वर्सा झाल्यो. ही तिसरी."

आणि समुद्राकडे तोंड करून, सगळं काळीज ओतून, ती ओरडली,

"ओ... बाय माजे, ओ...!"

लाटांचा आवाज परत आला. एवढंच झालं. बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीशी बसली नाही. खिडकीची जागा मोकळी ठेवली. कंडक्टर काही बोलायला गेला, मग मावशीचा चेहरा बघून पुढे निघून गेला. घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांज होत होती. वर्षभर उघडं राहिलेलं दार मावशीनं लोटलं आणि कडी घातली.

"कडी कित्या?" मी विचारलं.

"आता भायर कोण ऱ्हवला?" ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढे माझं लग्न झालं, मी म्हापशाला आले. मावशी सुखात होती असंच म्हणायला हवं. जेवायची, हसायची. जानकी म्हणायची, संध्याकाळी आत बोलत असते. मी म्हटलं, एकटी बाई, बोलेल नाहीतर काय करेल?

एकदा मी राहायला गेले होते. तिन्हीसांजेला आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. दाराला कडी. मावशी माझ्यासमोर शेंगा सोलत होती. रस्त्यावर ट्रक चालले होते.

ट्रक थांबले.

आणि स्वयंपाकघरातून...

"मुंगे..."

मला या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं.

"मुंगे..."

मावशीनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. ती रागावली नाही. पण असा केविलवाणा चेहरा मी तिचा बाराव्यालाही बघितला नव्हता.

"ओ दी गो," ती म्हणाली. "मीय अशीच उभी ऱ्हवलंय, कडयेर हात ठेवन."

मी ओ दिली नाही. तोंड उघडेचना. ट्रक पुन्हा सुरू झाले, मावशीनं सूप उचललं, आणि त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मावशीही आता नाही. घराची किल्ली माझ्याकडे आहे. झाडलोट करायला जाते, पण दुपारी. ऊन कलायच्या आत कुलूप लावून बाहेर पडते. घरचे विचारतात, एवढी कसली भीती? शालूताई ती, तुझीच ना?

माझीच. तीच तर भीती आहे. माझ्या दोन हाका झाल्या आहेत. तिसरी आली तर मी ओ देईन, हे मला माहीत आहे.