सोन्याच्या तीन रेघा

आमच्या स्कॅन मशीनला फसवणं सोपं नाही. शरीरात काय काय आहे ते रंग देऊन दाखवतं: चरबी पिवळी, हाड निळं, आणि सोनं असेल तर सोनंसुद्धा. मलेशियातल्या कोटा भारूच्या इस्पितळात मीच ते चालवते.

शेजारच्या मेक सोमकाकूंच्या गालात सोनं दिसलं. केसाएवढ्या बारीक तीन सुया.

“काका, सुसुक आहे,” मी बाहेर येऊन त्यांच्या नवऱ्याला, देरामनकाकांना म्हटलं. आमच्याकडच्या मुली पूर्वी लग्नाआधी रूपासाठी मंतरलेल्या सुया टोचून घेत. त्या काढल्याशिवाय जीव सुटत नाही म्हणतात. काकू तर कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या.

काका आधी हसले. “तरीच! सुसुकवालीनं काडीवरचं खायचं नसतं ना! जन्मभर सातेचं भाजलेलं मांस मला काडीवरून काढून द्यायला लावलं बयेनं. मी म्हणायचो, काय हे नखरे!” मग डोळे पुसत म्हणाले, “पोरी, घरच्यांना सांग ना, सुया नाहीत म्हणून. काढल्या तर जाईल गं ती.”

“आणि त्यांचे हाल? ते बघवतात तुम्हाला?”

काका आत काकूंपाशी जाऊन बसले.

शेवटी सुया काढणारी म्हातारी त्यांनीच बोलावली. तिनं लिंबू फिरवलं, बराच वेळ पुटपुटली, पण हाती एकही सुई लागली नाही. काकू मात्र काकांच्या छातीवर गाल टेकून शांत गेल्या.

पुढे काका खोकला घेऊन आले. मी छातीचा स्कॅन केला. फुप्फुसं साफ होती.

काळजाशेजारी तीन रेघा होत्या.

मी मशीन तपासलं, पुन्हा स्कॅन केला. सोनंच. कातडीवर ओरखडाही नव्हता.

“त्या म्हातारीला बोलावू या का?” मी विचारलं.

“कशाला?” काका सदऱ्याची बटणं लावत म्हणाले. त्यांचा चेहरा नवरदेवासारखा उजळला होता. “जिच्या सुया, तीच काढील.”

पुढच्या तपासणीत रेघा दोनच होत्या. मी बाहेर आले. काका बाकावर बसून साते काडीवरून काढत होते, केळीच्या पानावर दोन वाटे करत.

मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “काल पहिली काढली तिनं. हात अजून तसाच हलका आहे गं तिचा.”